कावळ्याची साक्ष

मु. वरची वाडी, आंबवडे, ता. भोर
मंगळवार, डेअरीला दूध घालून आल्यावर

तीर्थरूप सोमनाथदादा यांना धाकटी बहीण सगुणाचा डोकं टेकवून नमस्कार. हितं आमी सगळी जित्ती हाय, तुमच्याकडंबी असावीत. वहिनींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांधा म्हणून सांगितलं हुतं, त्यो त्यांनी बांधला नसणार हे मला हितं बसून दिसतंय. तुमचा दमा कसा हाय? नसरापुरात हायवेची धूळ खाऊन त्यो बरा व्हायचा न्हाई. चार दिस हिकडं या म्हणून मी दर साली सांगते, आन तुमी दर साली "बघू" म्हणता. बघा. आमचं मालक बरं हायती, म्हस गाभण हाय, भात काढून झाला, आन वैष्णवी भोरला कॉलेजात जाती आन आपल्याला आई हाय हे कापडं धुवायच्या दिशी तेवढं आठवती.

पत्र बघून घाबरू नका, कुणी गेलेलं न्हाई. (म्हंजी गेलंय, पण आपल्यातलं न्हाई. तेच सांगायला बसलेय.) फोन का केला न्हाई म्हणाल, तर माझा मोबाईल आठ दिसापास्नं भाताच्या कणगीत हाय. पडला न्हाई. म्या माझ्या हातानं, कोपरापतूर हात घालून पुरलाय. म्हणून हे पत्र डेअरीच्या टेम्पोवाल्या भिमाच्या हाती देतेय. त्यो नसरापूरवरनंच जातो, आन त्याला वाचता येतं पण वाचायचा कंटाळा हाय, तवा भरवशाचा माणूस. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. लागलं न्हाई तितं वहिनींकडनं वाचून घ्या. पण शेवटचं पान तेवढं तुमी एकट्यानं वाचा.

ह्या सगळ्याचं मूळ वैष्णवी. शिमग्याला तिनं माझ्या मोबाईलवर फेसबुक घालून दिलं आन मला एका ग्रुपात नेऊन बशिवलं. 'भोर-वेल्हे कट्टा' त्याचं नाव. भोरच्या एसटी स्टँडासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा चिमाजी, त्यानं त्यो काढला. एसटी कवा सुटती आन कवा सुटत न्हाई हे लोकांस्नी कळावं म्हणून. पण एसटीचं दोन दिसात बोलून संपलं (नसलेल्या गाडीवर माणूस किती बोलणार?), मग समदी जगाकडं वळली. वेल्ह्याचा माणूस अमेरिकेवर बोलायला लागला, भोरचा चीनवर. एकमेकांना कुणी वळखत न्हाई, निम्म्यांनी नावं खोटी घेतलेली, कुणी वाघाचा फोटू लावलाय, कुणी सूर्याचा. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. दोन दिस ऐकलं, आन मग कळलं, त्यांनाबी काय कळत न्हाई. मग मी बसले. लिवायची अडचण न्हाई, माईकचं चित्र दाबून बोललं की त्यो आपसूक लिवतो. आन मला बोलायला कवा अडचण आलीय, दादा?

अडचण आली ती रेंजची. आमच्या वाडीत रेंज एकाच जागी येती, पाण्याच्या टाकीवर. तवा ह्या साली जगाचं जे काय झालं ते म्या टाकीवर उभं राहून केलं. सकाळी दूध घातलं की टाकी, दुपारी शेळ्या सोडल्या की टाकी. वर चढायचं, पदर खोचायचा आन वरडून बोलायचं, कारण वारं लई, हळू बोललं तर त्यो लिवत न्हाई. म्हंजी मोबाईलवर जे पडायचं ते आधी आख्ख्या वाडीला ऐकू जायचं. खाली पाण्याला आलेल्या बाया हंडा भरून वाहायला लागला तरी जायच्या न्हाईत. अमेरिकेनं जकात वाढवली तवा म्या तिला अशी झापली, "आमी तुझं काय खाल्लंय गं" म्हणून, की वरच्या आळीच्या सोजराबाईनं घरोघर सांगितलं, सगुणानं आज जावंला लई सुनावलं. जाऊ माझी चार दिस बोलली न्हाई.

आता रशिया आन युक्रेनचं घ्या. ते भांडण बांधाचं हाय, हे माझं पहिल्यापास्नंचं मत. एकानं बांध कोरला, दुसऱ्यानं धोंडा उचलला. म्या सांगितलं, दोगांच्या मधी एकदा सरकारी मोजणी आणा, खुणा रोवा आन मिटवा. ह्यावर शंभरेक लोकांनी हसण्याचं तोंड टाकलं. एक जण म्हणला, काकू भाकरी थापा. म्या म्हणलं, थापते, तुझ्या आयशीला इचार तुला कुणी घातल्या. एकट्यानं तेवढं नीट उत्तर दिलं. त्याचं नाव 'शून्य'. फोटूच्या जागी नुसतं काळं गोल. त्यानं लिवलं, "सगुणाबाई, मोजणीनं भांडण मिटत नाही. मोजणीदाराची पाठ वळली की खूण उपटली जाते. हे मी अगदी खात्रीनं सांगतो." त्या सगळ्या गर्दीत मला 'बाई' आन 'तुम्ही' म्हणणारा त्यो पहिला. म्हणून मी त्याच्याशीच जास्त भांडले.

त्याच दिशी, आमचं शांततेचं बोलणं रंगलेलं असताना, माझ्या चार शेळ्या कुंडलिकभावजींच्या पावट्यात शिरल्या आन त्यांनी दोन सऱ्या साफ केल्या. भावजी टाकीखाली येऊन उभं राहिलं आन म्हणलं, "वहिनी, युद्ध थांबलं का?" म्या म्हणलं, थांबतंय. "मग आता खाली उतरा. आमच्याकडं सुरू झालंय." घरात तर रोजचंच. मालकांच्या ताटात करपलेली भाकरी आली की ती वर धरून बघायचं आन इचारायचं, "आज कुठला देश जळला?" आणिक एक शहाणा हाय ग्रुपात, वाघाच्या फोटूचा. त्यो म्हणतो पृथ्वी सपाट हाय. म्या म्हणलं, बाबा, एकदा वेल्ह्याच्या कुठल्याबी माळावर हंडा भरून ठेव, आन जितं कलंडायचा न्हाई ती सपाट जागा मला दाव. त्यावर त्यो वाण्याच्या दुकानातल्या उंदरावानी गप झाला. (तुमी म्हणाल ह्यात काय मिळालं. तवा लई मिळाल्यावानी वाटायचं, एवढं खरं.)

आखाड-श्रावणात जगाच्या बातम्या मागं पडल्या आन आमचं दोगांचं देवाधर्मावर सुरू झालं. मी छत्री घेऊन टाकीवर, आन त्यो कुठं कुणास ठावं. त्यो म्हणायचा, सगळं शून्य. देव न्हाई, आत्मा न्हाई, माणूस गेला की दिवा विझला. म्या म्हणलं, मग दोन वेळा जेवतो कशाला? त्यो म्हणला, सवय. एकदा म्हणला, तुमचं नाव सगुणा आणि मला निर्गुणसुद्धा मान्य नाही, आपलं जमायचं कसं? मला काय कळलं न्हाई, पण म्या हसण्याचं तोंड टाकलं. माणूस कडू न्हवता, दादा. बाकीचं लोक भांडणातनं मधीच उठून जायचं, दावं तोडलेल्या म्हशीवानी. ह्यो बोलणं झालं की लिवायचा, "येतो बाई." आन मी टाकीवरनं वरडायची, "या!" खालच्या बाया हिकडं-तिकडं बघायच्या, कोण गेलं म्हणून.

दसऱ्यापास्नं त्यो लई यायला लागला. सकाळी हाय, दुपारी हाय, कवाबी जा, काळं गोल जागंच. आन इषय एकच, मरण. मला वाटलं रिकामटेकडा हाय, पेन्शन खाऊन लोकांची डोकी खातो. एकदा लिवतो, "बाई, माणूस गेल्यावर काहीच उरत नाही, हे तुम्हाला का पटत नाही ते मला नीट सांगा. मला घाई नाही." त्याला घाई न्हवती, पण मला हुती. भात कापायला आलेला, माणसं रानात, त्यांचं जेवण न्यायचं. म्या म्हणलं एक घाव दोन तुकडं करून टाकू, आन त्याला आपल्या आईच्या दहाव्याचं सांगितलं.

तुमास्नी काय सांगायचं, तुमीच हुता. पण त्याला जे सांगितलं ते लिवते, म्हंजी पुढचं नीट लागंल. म्हणलं, एकवीस वर्सं झाली. भोरला नीरेच्या घाटावर पिंड मांडलेला. उंबरावर पंधरा-वीस कावळं, पण एक खाली येईना. दोन तास गेलं. मामा म्हणलं, सगुणाकडं लक्ष देऊ. न्हाई आला. चुलता म्हणला, वाटणीवरनं भांडणार न्हाई. न्हाई आला. (त्याचं बरोबरच हुतं, चुलता पुढं भांडलाच.) शेवटाला माझा दादा वल्ल्या धोतरानं पुढं झाला, हात जोडलं, डोळं मिटलं आन म्हणला, "आई, आजपास्नं दारूचा थेंब घेणार न्हाई." त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा खाली. आन माझ्या दादानं त्यो शब्द एकवीस वर्सं पाळलाय. आता सांग, म्हणलं, काय उरत न्हाई म्हणतोस तर त्यो कावळा कुणी धाडला?

त्याचं उत्तर आलं. "खरं असेल तर फार सुंदर आहे. पण बाई, कावळा पक्षी आहे. खाण्यासारखं काही दिसलं तर येतो, नाहीतर येत नाही."

ते वाचलं आन माझ्या मस्तकात तिडीक गेली. (का गेली ते शेवटच्या पानावर.) म्या माईक दाबला आन सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं वरडले, "तुमच्या घरच्या पिंडाला कावळा शिवायचा न्हाई, मग कळंल पक्षी हाय का कोण हाय!" सोजराबाई वर बघून म्हणली, "सगुणे, असं बोलू नाय. मागं घे." म्या म्हणलं, मागं घ्यायचं बटन न्हाई हितं. बटन हुतं, दादा. वैष्णवीनं नंतर दावलं. पण मी खाली उतरले आन रानात जेवण घेऊन गेले.

त्या दिशी "येतो बाई" आलं न्हाई. दहा दिस काळं गोल दिसलं न्हाई. मला वाटलं, हरला. मालकांना म्हणलंबी, त्या शून्याला गप केला. मालक म्हणलं, "शून्याला गप करायला काय लागतंय?" अकराव्या दिशी सकाळी टाकीवर चढले तर त्याचं आलेलं. ते मला पाठ झालंय, तसंच लिवते.

"सगुणाबाई, काल हिचा दहावा झाला. कावळा आला नाही. मी तुमच्या भावासारखा शब्द देऊन बघितला. हिची तुळस वाळू देणार नाही म्हणालो. मुलाशी भांडणार नाही म्हणालो. वेळेवर जेवीन म्हणालो. तीन तास वर बघत उभा होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. कावळा पक्षी आहे, हे मला अजूनही माहीत आहे. पण तुम्ही जिंकलात."

खाली "येतो बाई" न्हाई. दुखवट्याच्या घरातनं माणूस असाच उठतो, 'येतो' न म्हणता.

चिमाजीला फोन लावला. तुझ्या दुकानातनं समद्यांची खबर असती, ह्यो कोण सांग. त्यानं सांगितलं. (हितनं पुढं मी त्यांना 'ते' म्हणते. आधीच म्हणायला पायजे हुतं.) नाव हनुमंत. वेल्ह्याच्या बाजूचं. सरकारी मोजणीदार हुतं, जन्म लोकांचं बांध मोजण्यात गेला, तीन वर्सं झाली निवृत्त हून. बायको दसऱ्यापास्नं दवाखान्यात. ते दिसभर वॉर्डाबाहीर बाकड्यावर बसायचं. आत सोडत न्हवते, तवा मोबाईलवर बोलायचं. ती गेली त्याच दिशी सांजच्याला, ज्या दिशी दुपारी मी टाकीवरनं वरडले.

मग वैष्णवीला बशिवलं आन दसऱ्यापास्नंचं सगळं परत वाचून घेतलं. तीच अक्षरं, दादा, पण आता ती बाकड्यावरनं येत हुती. "माणूस गेल्यावर काहीच उरत नाही, हे तुम्हाला का पटत नाही ते मला नीट सांगा. मला घाई नाही." ती पोरगी वाचता वाचता थांबली आन म्हणली, "आई, ह्यांना जिंकायचं नव्हतंच गं." म्हणलं, व्हय. त्यांना हरायचं हुतं. कुणीतरी आपल्याला हरवावं, चांगलं पटवून हरवावं, म्हणून त्यो माणूस रोज माझ्या दारात येऊन बसत हुता. आन मला भात कापायची घाई. दोन शब्द धीरानं बोलले असते तर भात काय पळून चालला हुता? जलमभर तुमी समदी मला सांगत आला, सगुणे, तोंडाला लगाम घाल. मला वाटायचं मी खरं बोलते म्हणून लोकांस्नी झोंबतं. खरं बोलत असते तरी एक येळ चाललं असतं. तेबी म्या केलं न्हाई.

वैष्णवी म्हणली, माफीचं लिव ना. टाकीवर चढले. माईक दाबला. वारं ऐकून त्यो आपल्या मनानं कायबाय लिवायला लागला, पण माझ्या तोंडातनं शब्द येईना. सोजराबाई खालनं म्हणली, "काय गं, आज जग बंद हाय का?" खाली उतरले आन मोबाईल कणगीत पुरला.

असो. वहिनींना नमस्कार, निरगुडी बांधा. वैष्णवी मामाला नमस्कार सांगती. (सांगितला न्हाई, पण सांगितला असता.) कागद संपत आलाय आन भिमा भोंगा वाजवतोय, त्याला म्हणलं थांब की मेल्या, तुझं दूध आत्ताच काढलंय, नासत न्हाई.

तुमची धाकटी,
सगुणा

ता. क. — हे पत्र तुमची खुशाली इचारायला लिवलेलं न्हाई, हे तुमच्या ध्यानात आलंच असंल. येत्या रविवारी मी भोरवरनं पहिल्या गाडीनं नसरापूरला येते. तुमी फाट्यावर उभं राहा, तितनं दोगं वडापच्या जीपनं वेल्ह्याकडं जाऊ. गाव आन घर चिमाजीनं सांगितलंय, अंगणात तुळस हाय. परक्या माणसाच्या घरी एकटी बाई दुखवट्याला जाऊन काय सांगणार, की मी टाकीवरची? भाऊ संगट असला म्हंजी बरं. आणिक दुसरं कारण खाली. हितनं पुढं वहिनींना देऊ नका.

ता. क. दुसरा — दादा, बसला नसाल तर बसा. आईच्या दहाव्याला कावळा शिवला त्यो बोंबलाला. त्या दिशी म्या पदराच्या गाठीत भाजलेला बोंबील बांधून नेला हुता. सुतकात, घाटावर, दहाव्याला. दोन तास तुमी वर बघत उभं हुता, ते मला बघवंना. तुमी डोळं मिटून शब्द देत हुता तवा मी पाया पडल्यावानी वाकले आन बोंबील भातावर ठेवला. तुमी डोळं उघडलं तवा कावळा बोंबील घेऊन उंबरावर. समदी रडली. मीबी रडले, पण माझं येगळंच हुतं. एकवीस वर्सं हे कुणाला बोलले न्हाई. म्हणून ते "खाण्यासारखं काही दिसलं तर येतो" म्हणलं तवा मला वाटलं, ह्या माणसानं माझ्या पदराची गाठ बघितली. म्हणून वरडले. आन माझ्या त्या अर्ध्या गोष्टीवर इस्वास ठिऊन, कशावरबी इस्वास न ठेवणारा माणूस तीन तास शब्द देत उभा राहिला.

आता तुमी म्हणाल, म्हंजी माझी दारू बोंबलानं सोडवली व्हय गं? दादा, नसरापुरातल्या त्या दुकानाकडं वळायच्या आधी एवढं वाचा. कावळा बोंबलाला आला, मान्य. पण एकवीस वर्सं रोज सांजच्याला त्या दुकानापुढनं तुमास्नी सरळ घरी कुणी नेलं? त्याला काय नाव द्यायचं ते मला ठावं न्हाई, पण शून्य म्हणता येत न्हाई. हनुमंतरावांना मला एवढंच सांगायचंय. की कावळा न आल्यानं काय बिघडत न्हाई, आमच्याकडंबी त्यो फसवून आणावा लागला. उरतं ते कावळ्यात न्हाई, दिलेल्या शब्दात हाय. तुळशीला पाणी घाला आन वेळेवर जेवा, म्हंजी झालं. पण ही गोष्ट तुमच्या शब्दाची हाय, तवा तुमचा हुकूम असल्याबिगर सांगणार न्हाई. आन तुमी स्वतः समोर बसला असाल तरच त्यांना पटंल. कावळ्याची साक्ष खोटी पडली, आता तुमीच साक्षीला या.

(आईला बोंबलाची चटणी किती आवडायची, तुमास्नी ठावंच हाय. आजारपणात मागितली हुती, म्या दिली न्हाई, पोट बिघडंल म्हणून. तवा त्या दिशी बोंबील घ्यायला नेमकं कोण खाली आलं, ह्याचं उत्तर मला टाकीवर चढूनबी मिळालं न्हाई.)

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवायच्या आधी मोबाईल कणगीतनं काढून टाकीवर जाऊन आले, फकस्त त्यांचं काय आलंय का बघायला. काय आलेलं न्हाई. पण त्या सपाट पृथ्वीवाल्यानं परत तोंड वर काढलंय. म्या दोनच ओळी बोलले. बरं, चार. मग परत पुरला.

ता. क. शेवटचा — दुखवट्याच्या घरातनं उठताना 'येते' म्हणायचं नसतं, हे आईनंच शिकवलंय आन म्या आजपतूर कवा मोडलं न्हाई. ह्या घरातनं उठताना मी 'येते' म्हणणार हाय. मोठ्यानं. तुमी मला कोपर मारू नका, दादा. ते 'या' म्हणत्यात का, तेवढं मला ऐकायचंय.